पावती कोणाच्या सहीची?



परीक्षा जवळ आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हटकून असतो. संगणक-नेटवर्कच्या पेपरातले ते सात थर क्रमाने लक्षात कसे ठेवावेत? फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन, ॲप्लिकेशन. आद्याक्षरांची गाणी करून झाली, भिंतीवर कागद चिकटवून झाले, तरी पेपर हाती आला की चौथ्या-पाचव्याची अदलाबदल होतेच. मला विचाराल तर यात तुमच्या स्मरणशक्तीचा दोष फारसा नाही. ज्या माणसाला आपण कधी पाहिलेले नाही त्याचे नाव विसरते. थरांचेही तसेच आहे. गेल्या वर्षी मार्चअखेरीस यांतले तीन-चार थर मला अगदी जवळून पाहावयास मिळाले, आणि तेही माझ्या दाजींच्या अडत दुकानात. या वेळी ती हकिकत सविस्तर सांगतो.

दाजींचे दुकान सांगलीच्या मार्केट यार्डात. मार्च महिना म्हणजे हळदीच्या सौद्यांची धामधूम, आणि त्यातच वर्षअखेरीचे हिशेब. सौदा होऊन माल तोलला गेला की शेतकऱ्याला पट्टी द्यावयाची असते. वजन, दर, खर्च आणि हाती येणारी रक्कम तिच्यावर असते. पूर्वी दिवाणजी ती हाताने लिहीत. आता दुकानात चार संगणक आहेत. मागच्या खोलीतल्या एकावर सारे हिशेब साठवलेले, त्याला सर्व्हर म्हणावयाचे. पुढच्या तीन टेबलांवरचे संगणक त्याच्याकडून माहिती घेऊन पट्टी छापतात. त्या दिवशी सकाळपासून हे काम अडले होते. दहा-बारा शेतकरी बाकावर बसून होते. त्यांपैकी दोघे अथणीकडचे. त्यांना दुपारची एसटी गाठावयाची होती.

अक्काचा मला फोन आला तो काही दुरुस्तीसाठी नव्हता. "तू जरा ये. हे पोरावर फार चिडलेत," एवढेच ती म्हणाली. भाचा कोल्हापूरला बी.सी.ए.च्या दुसऱ्या वर्षात होता आणि त्या सत्रात त्याला नेटवर्किंग हा विषय होता. दुकानात माणसे कमी पडत असताना पोराने परगावी खोली घेऊन राहावे, हे दाजींच्या मनातून कधीच उतरले नव्हते. त्या सकाळी त्यांना आयते निमित्त मिळाले. "दुकानातली चार डबडी एकमेकांशी बोलेनात, अन् हा जगाचं नेटवर्क शिकतोय. एवढी परीक्षा दे म्हणावं, मग गादीवर बस." मी पोचलो तेव्हा भाचा टेबलाखाली वाकून वायरी उपसत होता. त्याचे कान लाल झाले होते.

बिघाड चमत्कारिक होता. पहिल्या टेबलावर पट्टी निघत असतानाच दुसऱ्यावर 'सर्व्हरशी संपर्क होत नाही' असा संदेश येई. पंधरा मिनिटांनी नेमके उलटे. पूर्ण बंद पडलेले यंत्र परवडते. कधी चालणारे आणि कधी न चालणारे यंत्र शिकल्यासवरल्या माणसालाही तोडगे करावयास लावते. भाच्याने राऊटर दोनदा बंद करून चालू केला होता. दोन्ही वेळा थोडा वेळ काम चालल्यामुळे तो तिसऱ्यांदाही तेच करण्याच्या बेतात होता.

तेवढ्यात दिवाणजी म्हणाले, "धाकटे मालक, माल कुठवर पोचला ते आधी बघा की."

दिवाणजींना संगणक फारसा येत नाही, पण हरवलेला माल शोधण्यात त्यांची हयात गेली आहे. पोती ट्रकने रवाना झाली आणि व्यापाऱ्याचा फोन आला की माल मिळाला नाही, तर ते साऱ्या रस्त्याला बोल लावीत नसत. आधी इथल्या ट्रान्सपोर्टवाल्याला विचारावयाचे, पोती चढली का? मग पुढच्या गोदामात, उतरली का? मग तिथल्या हमालांच्या मुकादमाला. जिथवर नोंद सापडते तिथवर माल गेला. शोध त्याच्या पुढे. भाचा उठून उभा राहिला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "मामा, म्हणजे खालच्या थरापासून वर जायचं." पाठ केलेले प्रथमच उपयोगी पडत होते.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण पेपरात हा प्रश्न येतो. सात थरांचा आराखडा आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९८४ साली प्रसिद्ध केला. गंमत अशी की ज्या टीसीपी/आयपी नियमांवर आजचे इंटरनेट चालते, त्यांवर तेव्हाचे अर्पानेट हे जाळे त्याआधीच, १ जानेवारी १९८३ रोजी, आलेले होते. म्हणजे घर आधी बांधले गेले आणि नकाशा मागाहून आला, तोही थोडा वेगळ्या घराचा. सेशन आणि प्रेझेंटेशन हे थर प्रत्यक्षात वेगळे काढून दाखवता येत नाहीत. ती कामे वरचा कार्यक्रमच उरकून टाकतो. तुम्हाला नेमके तेच दोन थर आठवत नसतील तर फार वाईट वाटून घेऊ नका. मात्र बिघाड शोधताना हा नकाशा फार कामाचा, म्हणून तो टिकून आहे.

आता सर्वांत खालचा थर, म्हणजे प्रत्यक्ष तार. दुकानातली निळी केबल कापून पाहिली तर आत आठ तारा निघतात, दोन-दोनांच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली. हा पीळ मजबुतीसाठी नाही. शेजारून विजेची तार गेली किंवा एखादी मोटर चालू झाली की तिचा उपद्रव दोन्ही तारांना जवळपास सारखाच होतो. घेणारे यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा वाचते. सारखा उपद्रव फरकात उरत नाही, वजा होऊन जातो. टेलिफोनकर्ते अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी या पिळलेल्या जोडीचे पेटंट १८८१ साली घेतले होते. अशी केबल सलग १०० मीटरपर्यंतच वापरावी असा नियम आहे. त्यापुढे मध्ये स्विच घालावा लागतो. या तारांवरून माहिती पाठवण्याच्या पद्धतीला इथरनेट म्हणतात. तिची कल्पना १९७३ साली अमेरिकेतील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी मांडली. आजही तुमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिचेच वंशज चालते.

तार बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी बहुधा काही उचकटावे लागत नाही. केबल जिथे खोचतो तिथे एक बारीक दिवा असतो. तो लागला म्हणजे दोन्ही टोके एकमेकांना दिसत आहेत. आमच्या चारही संगणकांचे दिवे लागलेले होते. पोती चढली होती.

मग भाच्याने पिंग दिले. पिंग हा अगदी लहानसा कार्यक्रम. माईक म्यूस नावाच्या संगणकतज्ज्ञाने तो १९८३ साली लिहिला. 'आहेस का?' असा प्रश्न एखाद्या पत्त्यावर पाठवावयाचा आणि 'आहे' असे उत्तर किती वेळात आले ते मोजावयाचे. सर्व्हरचा पत्ता होता १९२.१६८.१.५०. दुसऱ्या टेबलावरून, म्हणजे जिथे पट्टी निघत नव्हती तिथूनच, भाच्याने पिंग दिले आणि चारही उत्तरे तत्काळ आली. त्याचा चेहरा उतरला. "मामा, पिंग जातंय. म्हणजे नेटवर्क ठीक आहे. बिलिंगचा प्रोग्रॅमच बिघडला असणार." दाजी लगेच प्रोग्रॅमवाल्याला फोन लावू लागले. मलाही ते पटले होते, हे कबूल केले पाहिजे.

दिवाणजी चष्मा पुसत होते. त्यांनी विचारले, "उत्तर आलं म्हणता, पण पावती कोणाच्या सहीची आहे?"

त्यांना आठवत होता तो जुना प्रसंग असा. एकदा दुकानाची पोती बरोबर गावात, बरोबर गल्लीत पोचली. पोच-पावतीवर सहीही होती. पण माल ज्याचा त्याला मिळाला नव्हता. त्याच गल्लीत त्याच आडनावाची दुसरी पेढी होती आणि तिच्या माणसाने बिनदिक्कत सही करून माल उतरवून घेतला होता. 'पोच मिळाली' एवढ्यावर समाधान मानण्याची त्यांची सवय तेव्हापासून मोडली.

हा प्रश्न नीट समजण्यासाठी पत्त्यांची भानगड समजून घेतली पाहिजे, आणि विद्यार्थ्यांचे गुण सर्वाधिक जातात ते इथेच. प्रत्येक यंत्राला दोन पत्ते असतात. एक मॅक पत्ता. तो कारखान्यातच यंत्रात घातलेला असतो. तो ४८ बिटांचा, ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरे वापरून बारा चिन्हांत लिहिलेला. त्यातली पहिली सहा चिन्हे ते बनवणाऱ्या कंपनीला नेमून दिलेली असतात. दुसरा आयपी पत्ता. तो आपण देतो किंवा राऊटर देतो, आणि बदलताही येतो. तो ३२ बिटांचा, चार आकड्यांत लिहिलेला. दोन पत्ते कशाला, असे विद्यार्थी विचारतात. माणूस ओळखीच्या चेहऱ्यानिशी जन्मतो, पण त्याचे घर बदलते. पत्र पाठवताना गाव आणि गल्ली हवी, चेहऱ्यावरून टपाल जात नाही. पण दारात पोचल्यावर पाकीट हातात द्यावयाचे ते चेहरा पाहूनच.

आता टेबलावरच्या संगणकाला १९२.१६८.१.५० कडे काही पाठवावयाचे आहे. तो प्रथम आपला स्वतःचा पत्ता आणि हा पत्ता ताडून पाहतो. २५५.२५५.२५५.० हा जो 'सबनेट मास्क' तुम्ही पाठ करता, तो इथे लागतो. २५५ जिथे आहेत ते पहिले तीन आकडे दोन्हींत सारखे असले, तर हा आपल्याच वाड्यातला शेजारी. नसले तर तो बाहेरचा, मग पाकीट राऊटरच्या हवाली करावयाचे. शेवटच्या आकड्याला ० ते २५५ अशा २५६ जागा असतात. पहिली जागा वाड्याच्या नावाची आणि शेवटची सर्वांना एकदम हाक मारण्याची, म्हणून यंत्रांना २५४. हे गणित दरवर्षी पेपरात येते.

शेजारी आहे हे कळले, तरी त्याचा चेहरा माहीत नाही. मग संगणक चक्क ओरडतो. सौद्याच्या वेळी यार्डात मोठ्याने पुकारा करावा तसा तो सर्वांना ऐकू जाईल असे विचारतो, '१९२.१६८.१.५० कोणाचा? त्याने आपला मॅक पत्ता सांगावा.' ज्याचा असेल तो उत्तर देतो. विचारणारा ते उत्तर थोडा काळ टिपून ठेवतो, म्हणजे प्रत्येक वेळी ओरडावे लागत नाही. या पुकाऱ्याला एआरपी म्हणतात. डेव्हिड प्लमर यांनी १९८२ साली त्याचा नियम लिहिला. या नियमात शहानिशा कुठेही नाही. जो 'मी' म्हणेल तो खरा धरावयाचा, आणि मागाहून दुसरा कोणी 'मी' म्हणाला, तर आधीचे खोडून त्याचे लिहावयाचे. दहा-वीस ओळखीची यंत्रे एका खोलीत असतील अशा काळातला तो भोळा नियम आहे. आजही तुमच्या घरात तोच चालतो.

भाच्याला हे पुस्तकातून ठाऊक होते. त्याने आता दुसऱ्या टेबलावर एआरपीची यादी काढण्याची आज्ञा दिली. सर्व्हरच्या आयपी पत्त्यासमोर एक मॅक पत्ता दिसला, तो त्याने पाठकोऱ्या कागदावर उतरवून घेतला. पहिल्या टेबलावर, जिथे त्या क्षणी पट्टी निघत होती, तीच आज्ञा दिली. तिथे त्याच आयपी पत्त्यासमोर दुसराच मॅक पत्ता होता. बारा चिन्हांतले एकही जुळत नव्हते.

त्याने कागद दिवाणजींपुढे धरला. "दिवाणजीकाका, एका पत्त्यावर दोन सह्या आहेत."

त्यानंतर फार वेळ लागला नाही. परक्या मॅक पत्त्याची पहिली सहा चिन्हे त्याने मोबाईलवर शोधली, तेव्हा कॅमेऱ्यांची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीचे नाव आले. आदल्याच संध्याकाळी दुकानात सीसीटीव्ही बसवला होता. त्याचा रेकॉर्डर मागच्या खोलीत ठेवून त्याला केबल जोडलेली होती, आणि बसवणाऱ्याने सवयीने त्याला १९२.१६८.१.५० हाच पत्ता घातला होता. फोनवर तो म्हणाला, "मी सगळीकडे हाच टाकतो, आजवर काही झालं नाही." इतकेच करून तो थांबला नव्हता, कॅमेऱ्यांची चित्रे पाहण्यासाठी त्याने सर्व्हरचा मॉनिटर काढून रेकॉर्डरला लावला होता. पत्त्याची टक्कर झाल्याची सूचना सर्व्हरने दिलीही असेल, पण ती उमटावी असा पडदाच त्याला उरला नव्हता.

आता कोडे सरळ सुटते. पुकारा झाला की सर्व्हर आणि रेकॉर्डर दोघेही 'मी' म्हणत. ज्याचे उत्तर शेवटी टिपले जाई त्याच्याकडे त्या टेबलाची सारी पाकिटे जात. रेकॉर्डरकडे गेली तर पिंगला तो निमूटपणे 'आहे' म्हणे, कारण पिंगला कोणीही उत्तर देतो. पण पट्टीची मागणी एका ठरावीक खिडकीवर जावयाची असते. या खिडक्यांना पोर्ट म्हणतात. त्या ० ते ६५,५३५ अशा क्रमांकांच्या असतात, वेबसाईटची सुरक्षित खिडकी ४४३ क्रमांकाची. बिलिंगची खिडकी रेकॉर्डरकडे नव्हतीच. तिथे गेलेला निरोप परत येई, आणि दाजी पोरावर चिडत.

एक खूण मात्र पिंगच्या उत्तरातच होती, आणि इतकी वर्षे हा विषय शिकवूनही ती मला त्या क्षणी दिसली नाही. प्रत्येक उत्तरात टीटीएल नावाचा आकडा असतो. पाकीट वाट चुकून कायमचे फिरत राहू नये म्हणून त्यावर आयुष्य लिहिलेले असते. प्रत्येक राऊटर त्यातून एक वजा करतो आणि शून्यावर पाकीट टाकून देतो. विंडोजचे संगणक हा आकडा सामान्यतः १२८ पासून सुरू करतात, लिनक्सवर चालणारी यंत्रे ६४ पासून. दाजींचा सर्व्हर विंडोजचा, आणि पडद्यावर स्वच्छ ६४ दिसत होते. सही दुसऱ्याची होती, आम्ही ती वाचली नाही.

रेकॉर्डरची केबल काढली आणि तिन्ही टेबलांवर पट्ट्या निघू लागल्या. अथणीच्या शेतकऱ्यांना त्यांची एसटी मिळाली. कॅमेऱ्याला दुसरा पत्ता कोणता द्यावा यावर थोडी चर्चा झाली. यंत्रांना पत्ते वाटण्याचे काम राऊटर करीत असतो, त्याला डीएचसीपी म्हणतात. सर्व्हर, प्रिंटर, रेकॉर्डर अशांना मात्र कायमचा पत्ता हवा, नाहीतर उद्या त्यांना शोधावयाचे कुठे? तो राऊटरच्या वाटपाच्या हद्दीबाहेरचा द्यावा, म्हणजे तोच पत्ता चुकून कोणाला वाटला जात नाही. भाच्याने वाटप १०० ते १९९ एवढेच ठेवले आणि रेकॉर्डरला २१० दिला. जाता जाता त्याचा पासवर्डही बदलला. ही खबरदारी क्षुल्लक समजू नका. २०१६ साली 'मिराई' नावाच्या कार्यक्रमाने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच राहिलेले असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते. त्यांच्या एकत्रित माऱ्याने २१ ऑक्टोबरला नावांचे पत्ते सांगणारी एक मोठी सेवा कोलमडली आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे काही तास उघडेनाशी झाली.

संध्याकाळी दुकान आवरताना भाच्याने प्रश्न केला तो मला आवडला. "मामा, कोल्हापूरला माझ्या खोलीवरच्या राऊटरमध्येही १९२.१६८.१ हेच आकडे आहेत. तिथल्या कोणाची टक्कर इथल्या सर्व्हरशी का होत नाही?"

प्रत्येक यार्डात बारा नंबरचा गाळा असतो, त्याने घोटाळा होत नाही, कारण तो नंबर यार्डाच्या फाटकाआतच चालतो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते असेच फाटकाआतले आहेत. १९९६ साली ते घरगुती वापरासाठी राखून ठेवल्याचे जाहीर झाले. बाहेरच्या जगात दुकानाला राऊटरमार्फत वेगळा पत्ता मिळतो. आतून निघालेल्या प्रत्येक पाकिटावरचा आतला पत्ता पुसून राऊटर बाहेरचा घालतो आणि कोणाचे पाकीट होते ते आपल्या वहीत लिहून ठेवतो. उत्तर आले की वही पाहून ज्याचे त्याला देतो. ही युक्ती करावी लागली, कारण ३२ बिटांत सुमारे ४२९ कोटी पत्तेच मावतात. त्यांचे शेवटचे मोठे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. नवे पत्ते १२८ बिटांचे आहेत. तुमच्या मोबाईलच्या सेटिंगमध्ये विसर्गचिन्हांनी तोडलेला लांबलचक पत्ता दिसला तर तो तोच.

मग बोलणे पाकिटांवर गेले. मोठा निरोप अखंड पाठवण्याऐवजी त्याचे तुकडे करून पाठवावेत ही कल्पना १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बरान आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांना स्वतंत्रपणे सुचली. 'पॅकेट' हा शब्द डेव्हिस यांचा. इथरनेटच्या एका पाकिटात १,५०० बाइट मावतात. मोबाईलवर काढलेला तीन एमबीचा फोटो पाठवला तर त्याची दोन हजारांवर पाकिटे होतात आणि ती सगळी एकाच वाटेने जातील असे नाही. दिवाणजींना हे पटेना. "एवढी पोती सुटी सुटी पाठवली तर हिशेब कोण ठेवणार?" तो हिशेब टीसीपी ठेवते. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ साली मांडलेल्या कल्पनेतून ती घडली. प्रत्येक पोत्यावर क्रमांक घालावयाचा, मिळालेल्याची पोच घ्यावयाची, पोच आली नाही तर ते पुन्हा पाठवावयाचे, आणि पलीकडे क्रमाने लावून द्यावयाचे. त्याआधी दोघांनी एकमेकांना 'बोलू का', 'बोला, मीही बोलू का', 'बोला' अशी तीन निरोपांची तोंडओळख करून घ्यावयाची. यूडीपी नावाची तिची धाकटी बहीण यांतले काहीच करत नाही. फोनवरच्या संभाषणात एखादा शब्द हरवला, तर तो चार सेकंदांनी पुन्हा आणून देण्यात अर्थ नसतो. तिथे यूडीपी बरी. पट्टीतला एक आकडा हरवून मात्र चालणार नाही.

या साऱ्याचा आरंभही एका विद्यार्थ्याच्या हातून झाला, हे तुमच्यापैकी थोड्यांना ठाऊक असेल. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून चार्ली क्लाईन या विद्यार्थ्याने दूरच्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाकडे 'लॉगिन' हा शब्द टाईप करण्यास सुरुवात केली. 'एल' पोचला, 'ओ' पोचला आणि पलीकडचा संगणक बंद पडला. साधारण तासाभराने दुरुस्ती होऊन पूर्ण शब्द गेला. पहिल्याच दिवशी बिघाड शोधावा लागला होता.

दाजी इतका वेळ रोकड मोजत होते. त्यांनी मध्येच विचारले, "आपल्या नातेवाइकांशी अमेरिकेला बोलताना आवाज थोडा मागून येतो, ते जास्त पैसे भरले तर थांबेल का?" त्याचे उत्तर असे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटरांच्या आसपास. सरळ तार टाकली असती, तरी जाऊन येण्यास सेकंदाचा आठवा भाग लागलाच असता. समुद्राखालच्या केबली तर वळसे घेत जातात. भारी प्लॅन घेतल्याने एका वेळी जास्त पाकिटे जातील, प्रकाशाचा वेग वाढणार नाही. दाजींनी मान हलवली. त्यांना हा हिशेब आवडलेला दिसला.

तुमच्यापाशी सर्व्हर नसेल, पण घरात इंटरनेट बंद पडते तेव्हा हीच वाट धरून पाहा. दिवा पाहा. मग आपला आयपी पत्ता पाहा. विंडोजवर आयपीकॉन्फिग ही आज्ञा तो दाखवते. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राऊटरकडून पत्ताच मिळालेला नाही आणि यंत्राने स्वतःच एक ठेवून घेतला आहे. पुढे शोधण्यात अर्थ नाही. तो बरोबर असेल तर राऊटरला पिंग द्या. त्याचे उत्तर आले तर बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८ ला द्या. तेही आले, पण नावाने संकेतस्थळ उघडत नसेल, तर दोष बहुधा डीएनएसचा. नावावरून पत्ता सांगणारी ती जगभर पसरलेली वही आहे आणि १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी तिची रचना केली. काही यंत्रे सुरक्षेसाठी पिंगला उत्तर देत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. आणि उत्तर आलेच, तर सही वाचा. एवढे दोन-तीनदा प्रत्यक्ष केलेत की निदान पहिले चार थर तुम्हाला गाण्याशिवाय आठवतील. उरलेल्या तिघांसाठी गाणे म्हणा.

भाच्याच्या परीक्षेचे विचाराल तर त्या विषयात त्याला गुण बेताचेच पडले. सेशन आणि प्रेझेंटेशनची त्याने अदलाबदल केली होती. दाजींनी गादीवर बसण्याचा विषय पुन्हा काढला नाही, की आपण तो मागे घेतला असेही ते म्हणाले नाहीत. दिवाणजींनी मात्र त्याच आठवड्यात एक कोरी वही काढून तिला लाल कापडाचे वेष्टण चढवले आणि भाच्याकडून तिच्यात दुकानातले प्रत्येक यंत्र, त्याचा आयपी पत्ता, मॅक पत्ता, कोणी बसवले व कोणत्या तारखेला, असे रकाने आखून घेतले. वहीत लिहून सही केल्याशिवाय नव्या यंत्राला केबल जोडू द्यावयाची नाही, असा त्यांचा नियम आहे. तेव्हा तिच्यात आठ नोंदी होत्या. दिवाळीत मी गेलो, त्या वेळी अकरावी नोंद चालू होती. नवा वजनकाटा बसवावयास आलेला माणूस सही कशाला म्हणून कुरकुरत होता आणि दिवाणजी त्याच्यापुढे पेन धरून बसले होते.